नानांची यादी : वादळानंतरच्या वाडीकर्जाचे एक प्रकरण

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. त्यानंतर नवव्या दिवशी, बाणकोट खाडीपासून फार लांब नसलेल्या एका गावात पतसंस्थेच्या संचालकांची सभा भरली. वीज नव्हती, पुढे कितीतरी दिवस आलीही नाही. संगणक बंद, म्हणून व्यवस्थापकाने जुनी हाताने लिहायची खतावणी काढून ठेवली होती. टेबल खिडकीपाशी ओढून सगळे बसले आणि अध्यक्षांनी कापडी पिशवीतून शाळेची वही काढली. तिच्यात पेन्सिलीने बेचाळीस नावे लिहिलेली होती. प्रत्येक नावापुढे वाडी (नारळ-सुपारीची बाग) किती गुंठ्यांची, विहिरीला मे महिन्यात पाणी राहते की नाही, घरात राबणारे हात किती, आणि शेवटी एक रक्कम.

"यांना लागवडीला कर्ज द्यायचं," अध्यक्ष म्हणाले.

"नाना, कागद?" व्यवस्थापकाने विचारले.

"कागद सगळ्यांचे भिजलेत. मी सांगतो ना."

पुढच्या वर्षी मी लेखापरीक्षणाला बसलो तेव्हा ती वही इतिवृत्ताच्या फायलीत टाचणी मारून, परिशिष्ट म्हणून लावलेली सापडली. असे परिशिष्ट मी तोवर पाहिले नव्हते. संस्थेचे नाव देत नाही, माणसांचीही नाही, आणि ओळख पटेल अशा एक-दोन खुणा बदलल्या आहेत. सहकारात "सामाजिक बांधिलकी" हा शब्द अहवालाच्या मुखपृष्ठावर फार सहज छापला जातो. त्या बांधिलकीपोटी घेतलेली जोखीम प्रत्यक्षात कुठून येते, तिचे पैसे कोण भरते आणि ती कुठे थांबते, हे या एका वहीवरून जितके दिसले तितके मला दुसरीकडे दिसले नाही.

आधी वाडीचे गणित सांगतो, कारण जोखीम तिथेच आहे. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण ती ज्या वाड्यांत होते त्या दहा-वीस गुंठ्यांच्या. माड, पोफळी (सुपारीची झाडे), मधून जायफळ, पोफळीवर चढवलेली मिरी, कडेला केळी. वादळाने उंच झाडे आधी पाडली आणि पडणाऱ्या माडांनी खालची पोफळ झोपवली. दहा गुंठ्यांत शिफारस केलेल्या अंतराने, म्हणजे २.७ मीटरवर, १३५-१४० पोफळी बसतात. जुन्या वाड्यांत त्याहून दाट असतात. सरकारने फळबागांची मदत हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली. ऐकायला बरे वाटते. पण हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. दहा गुंठेवाल्याच्या हातात त्यातून पाचेक हजार येतात. नुसती आडवी पडलेली खोडे कापून वाडीबाहेर काढायला त्याहून जास्त मजुरी जात होती, तीही कटरवाला मिळाला तर. हवामानावर आधारित फळपीक विम्यात कोकणातले आंबा-काजू येतात, पोफळ येत नाही.

आणि पोफळ लावली तरी ती लगेच काही देत नाही. रोप दीडेक वर्षाचे लावायचे, उन्हाने करपू नये म्हणून आधी केळीची सावली उभी करायची, मग पाच ते सात वर्षांनी पहिली पोय, म्हणजे फुलोरा, दिसते. भरात यायला आणखी तीन-चार वर्षे. म्हणजे २०२१ च्या पावसात लावलेल्या झाडाचा पैसा २०२७ च्या आसपास. पतसंस्थेच्या ठेवी मात्र वर्षा-दोन वर्षांच्या मुदतीच्या. ठेवीदार दर गणपतीत येऊन पावती बदलून नेणारा. एका टोकाला वर्षाचा पैसा, दुसऱ्या टोकाला सात वर्षांचे झाड.

तारण तर जवळपास नव्हतेच. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. या बेचाळिसांतल्या एका अर्जदाराच्या बारा गुंठ्यांवर चौदा नावे होती. नऊ मुंबईत, दोन हयात नाहीत, एकाचा पत्ता कोणाला ठाऊक नाही. सगळ्यांच्या सह्यांशिवाय गहाणखत होत नाही. नानांनी मांडलेला ठराव असा : साठ हजारांपर्यंत कर्ज, दोन जामीनदार, पहिली दोन वर्षे फक्त व्याज, एकूण मुदत सात वर्षे. कागदावर हे विनातारण कर्जच झाले.

राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा गावात होती. तिथला शाखाधिकारी वाईट नव्हता, उलट वादळानंतर दोन दिवस जनरेटर लावून लोकांना पैसे देत होता. पण त्याच्या हातातली चौकट वेगळी. नैसर्गिक आपत्तीसाठी रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या सूचना अशा. पिकाचे नुकसान ३३ टक्के किंवा अधिक असले तर चालू शेतीकर्जाची फेररचना करता येते, ५० टक्के किंवा त्याहून जास्त असले तर परतफेडीची मुदत पाच वर्षांपर्यंत नेता येते, त्यात निदान एक वर्ष हप्त्यांतून सवलत. मुळात ज्याने बँकेचे शेतीकर्ज घेतले आहे त्याला हे लागू. सातबाऱ्यावर चौदा नावे असलेल्याने ते घेतलेलेच नसते. पाच वर्षे संपतात तेव्हा पोफळ जेमतेम पोय दाखवते ही आणखी एक अडचण. त्यात शाखाधिकाऱ्याची बदली निघालेली. नव्या साहेबाला गावाची नावे पाठ व्हायलाच वर्ष जाते.

नाना सुपारीचे व्यापारी. पस्तीस वर्षे त्या पट्ट्यातून सोललेली सुपारी विकत घेत आले होते. कोणाच्या वाडीतून कोणत्या साली किती मण आली हे त्यांच्या दुकानातल्या चोपड्यांत होते, आणि चोपडी न उघडताही त्यांना सांगता येई. सभेत एका नावावर दुसऱ्या संचालकाने हरकत घेतली की तो माणूस पितो. नाना म्हणाले, "पितो. पण शिंपणं चुकवत नाही. विहीर त्याच्या आज्यानं खणलेली, बारमाही आहे. तो वाडी सोडून जायचा नाही." इतिवृत्तात हे वाक्य नाही, व्यवस्थापकाने मला सांगितले. कुठल्याही पतमानांकनात न येणारी ही माहिती आहे, आणि बऱ्याच अंशी ती खरी निघाली.

म्हणजे बाहेरून जी आंधळी जोखीम दिसत होती ती नानांच्या दृष्टीने तेवढी आंधळी नव्हती. बँकेला जिथे साठ हजार विनातारण दिसत होते तिथे नानांना बारमाही विहीर दिसत होती. शिवाय वसुलीचा एक रस्ता त्यांच्याकडे होता जो बँकेकडे नव्हता. माल त्यांच्याच काट्यावर येणार, हप्ता तिथेच वळता होणार. त्यावर माझा पहिला शेरा हाच होता, की अध्यक्ष ज्यांच्याकडून माल घेतात त्यांनाच कर्ज देतात, हा हितसंबंध आहे. नाना चिडले नाहीत. म्हणाले, "मी माल नाही घेतला तर दुसरा घेईल. तो हप्ता कापणार आहे काय?" शेरा मी काढला नाही. पण हे उत्तर खोटे आहे असेही मला लिहिता आले नाही. नानांना गावासाठी काही करायचे होते. पुढे दुकानात सुपारीही यायला हवी होती. दोन्ही एकाच माणसात, एकाच वहीत. गावात कोणी म्हणे, निवडणुकीसाठी चालले आहे. पण कोविडमुळे राज्य सरकारने सहकारी संस्थांच्या निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या होत्या, मंडळाची मुदत संपूनही तेच मंडळ चालू होते. मते मिळवायची घाई त्या वर्षी कोणालाच नव्हती.

नेतृत्वाचा दुसरा उपयोग ठेवीच्या बाजूला झाला, आणि तो अहवालांत कधी दिसत नाही. बँकेतल्या ठेवींचे विमासंरक्षण ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाले होते. पतसंस्थेच्या ठेवीला ते एक रुपयाचेही नाही. रायगडात पेण अर्बन बँकेची आठवण अजून पुसलेली नाही. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदार वर्षानुवर्षे हेलपाटे घालत राहिले. मुंबईतल्या चाकरमान्यांनी २०१९ च्या सप्टेंबरात पीएमसी बँकेच्या दारातल्या रांगा पाहिल्या होत्या, काही जण त्या रांगेत उभेही होते. अशा वेळी विम्याशिवायचा पैसा संस्थेत का ठेवायचा? २०२० च्या गणपतीत विलगीकरणाच्या नियमांमुळे बरेच चाकरमानी आलेच नाहीत. पावत्यांची मुदत फोनवर वाढवली गेली. "नाना, असू देत तिथंच." त्या फोनांच्या जोरावरच वाडीकर्ज उभे राहिले. सात वर्षांच्या झाडाला वर्षाचा पैसा पुरला तो नानांच्या शब्दावर.

आता त्या वहीतली खोट.

बेचाळीस नावांत कोळीवाड्यातले एकही नाव नव्हते. मोहल्ल्यातली दोन होती, दोन्ही सुपारीवाली. बौद्धवाडीतले एकही नाही, कारण तिथे वाड्या नाहीत. कोळीवाड्याचेही नुकसान झाले होते. होड्या आपटून फुटल्या, मासळी सुकवायच्या ओट्यांवर वाळू चढली, आणि त्याच्या आधीचा हंगाम २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या क्यार आणि महा या दोन वादळांनी खाल्लेला. जून-जुलैची मासेमारीबंदी तर दरवर्षीची. पण नानांचा कोळीवाड्याशी संबंध शिमग्याच्या पालखीपुरता. त्यांनी तिथल्या बायांना मुद्दाम डावलले असे मला वाटत नाही. यादी करताना त्यांच्या डोळ्यांसमोरून त्यांचे चोपडे गेले, आणि चोपड्यात कोळीवाडा नव्हता.

मला या प्रकरणातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. पतसंस्था जिथे जिथे "सामाजिक" म्हणून पुढे सरसावते तिथे तिचा अध्यक्ष आधीच जाऊन आलेला असतो. त्याच्या पायाखालची वाट संपली की बांधिलकीही तिथेच थबकते, मग अहवालात काहीही छापा.

स्पर्धा या गावात तीन वाटांनी आली, आणि तिन्ही वाटांनी तिने वेगवेगळे काम केले.

पहिली सोन्याची. पतसंस्थेचे पोट सोनेतारणावर चालते. पैसे लगेच, वसुलीची कटकट नाही, व्याज चांगले. ६ ऑगस्ट २०२० ला रिझर्व्ह बँकेने बँकांना शेतीबाह्य कामासाठीच्या सोनेतारणात दागिन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज देण्याची मुभा दिली, ३१ मार्च २०२१ पर्यंत. आधी ही मर्यादा ७५ टक्के होती. त्याच दिवसांत सोन्याचा भाव तोळ्याला पन्नास हजारांच्या वर. म्हणजे त्याच पाटल्यांवर बँकेत जास्त रक्कम, आणि व्याज पतसंस्थेपेक्षा कमी. महिन्याभरात चांगली गिऱ्हाइके पतसंस्थेतून दागिने सोडवून समोरच्या शाखेत गेली. त्यांना दोष कसा द्यायचा? मीही तेच केले असते.

दुसरी वाट बहुराज्य पतसंस्थेची. २००२ च्या केंद्राच्या कायद्याखाली नोंदलेली, निबंधक दिल्लीत, शाखा बाजारपेठेत, काचेचे दार आणि एसी. त्यांनी ठेवीवर वरचढ व्याज जाहीर केले. ज्या ठेवीदाराला नानांचा शब्द पुरत होता त्याच्या मुलाला एक टक्का जास्त हवा होता. शिवाय त्या शाखेने वादळानंतर वर्षभराने "वाडी पुनरुज्जीवन" म्हणून फलक लावला. नानांचेच कर्जदार तिथे जाऊन आले. जामीनदार तेच, फक्त आळीपाळीने : इकडे हा त्याचा जामीन, तिकडे तो ह्याचा.

तिसरी वाट बायांच्या गटकर्जाची. मायक्रोफायनान्स कंपन्यांची मुले मोटारसायकलवरून कोळीवाड्यात पोचली, जिथे पतसंस्था कधी पोचली नव्हती. आठवड्याला किंवा पंधरा दिवसांना हप्ता, गटातली एक चुकली तर बाकीच्यांनी भरायचा. व्याज जड. पण त्यांनी बाईच्या दारात जाऊन तिला विचारले, एवढे मात्र कबूल करावे लागते. १४ मार्च २०२२ च्या निर्देशांत रिझर्व्ह बँकेने कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असे सांगितले. गावातल्या पतसंस्थेचे किंवा भिशीचे देणे कंपनीच्या पडद्यावर दिसत नाही. कंपनीचे देणे पतसंस्थेच्या व्यवस्थापकालाही दिसत नाही. निम्म्याचा हिशोब करणार कोण?

या तिन्हींचा परिणाम समजायला एक ढोबळ हिशोब मांडतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, संस्थेचे नाहीत. शंभर रुपयांच्या कर्जावर ठेवीचे व्याज वजा जाता समजा चार रुपये सुटतात. पगार, भाडे, वीज यांत अडीच जातात. उरला दीड रुपया. शंभरातले दहा रुपये वाडीकर्जात घातले, तर त्यांतला साधारण सातवा हिस्सा बुडेपर्यंत संस्था तग धरते. आता सोनेतारण गेले, ठेवीवर थोडे जास्त द्यावे लागले, आणि चाराचे सव्वातीन झाले. खर्च तोच. उरला पाऊण रुपया. आता दहापैकी तेराव्या हिश्शापलीकडे बुडाले की तोटा. वाडीवाल्यांत काहीही बदललेले नाही, पोफळ तीच, विहीर तीच. फक्त त्यांच्यासाठी जोखीम घेण्याची संस्थेची ऐपत निम्मी झाली. मंडळाच्या सभेत हे कोणी असे मांडले नाही. तिथे एवढेच म्हटले गेले की "यंदा जरा हात आखडता घेऊ."

मिचेल पीटरसन आणि रघुराम राजन या अर्थतज्ज्ञांनी १९९५ मध्ये अमेरिकेतल्या छोट्या धंद्यांच्या कर्जांवरून अशीच गोष्ट दाखवली होती. जिथे कर्ज देणाऱ्यांत स्पर्धा कमी तिथे नव्या, कच्च्या धंद्याला बँक सुरुवातीला स्वस्तात उभे करते, कारण तो मोठा झाल्यावर आपल्याकडेच राहील आणि तेव्हा भरपाई होईल अशी तिला खात्री असते. स्पर्धा वाढली की ती खात्री जाते. नानांना हे राजन ठाऊक नाहीत, पण नानांचा हिशोब तोच होता : आज याला उभा करू, उद्या त्याचे सोने, त्याच्या मुलाची गाडी, त्याच्या घराचे कर्ज आपल्याकडे. वाडीकर्जातून सावरलेल्या एकाने २०२३ मध्ये घर बांधायला कर्ज घेतले ते राष्ट्रीयीकृत बँकेतून. नानांना हे फार लागले. "आपण पाणी घालायचं आणि फळ त्यांनी न्यायचं," असे ते मला दोनदा म्हणाले.

पण मी इथे थोडा अडखळतो. स्पर्धेने फक्त वाईटच केले असे म्हणता येत नाही. तीच नसती तर कोळीवाडा कोणाच्याच यादीत आला नसता. आणि घराचे कर्ज स्वस्तात मिळाले हे त्या बागायतदाराच्या दृष्टीने चांगलेच झाले. नुकसान त्याचे नाही, त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्याचे झाले.

परतफेडीची हकीकत सरळ नाही. फक्त व्याज भरायची दोन वर्षे संपल्यावर जे सगळ्यात नियमित भरत होते, त्यांच्या वाड्यांत मी मुद्दाम जाऊन आलो. त्यांतल्या चौघांच्या वाडीत नवी पोफळ अगदी थोडी. तिथे होत्या दोन-दोन खोल्या, वर कौले, बाहेर पाटी : "घरगुती जेवण, एसी व नॉन एसी". टाळेबंदी उठली तसे पुण्या-मुंबईचे पर्यटक दिवेआगर-हरिहरेश्वरकडे लोटले, आणि ज्यांनी पोफळीच्या कर्जातून खोल्या उभ्या केल्या त्यांच्याकडे रोख पैसा आला. शेरा लिहिणे भाग होते : "कर्जाचा विनियोग मंजूर कारणासाठी झालेला नाही." तो शेरा मी सर्वांत चांगल्या खात्यांवर लिहिला. ज्यांनी प्रामाणिकपणे साठच्या साठ हजार वाडीत घातले ते थकले. केळी एकदा लागली, दुसऱ्या वर्षी भाव पडला, नारळाचे नवे माड अजून कमरेएवढे. त्यांच्याकडे द्यायला होते काय?

थकलेल्यांत दोन गट होते. एक हे वाडीवाले. दुसरे, ज्यांनी बहुराज्य संस्थेकडूनही उचलले होते. पहिल्या गटात नानांचा अंदाज चुकला नव्हता, वेळ चुकली होती. दुसऱ्या गटाबाबत नानांचे चोपडे निरुपयोगी ठरले, कारण पूर्वी माणसाचे देणे गावात लपत नसे आणि आता लपू लागले होते.

शेवटी निवडणूक झाली. नाना उभे राहिले नाहीत, वय झाले होते. नव्या अध्यक्षा मुंबईत राष्ट्रीयीकृत बँकेत तीसेक वर्षे काढून गावी परतलेल्या. गाव त्यांना "मॅडम"च म्हणते, नानाही. त्यांनी पहिल्या महिन्यात वाडीकर्ज बंद केले. थकलेल्यांच्या, सहकार कायद्यातल्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यासाठी अर्ज तयार करायला सांगितले. सभेत त्यांनी सहकार कायद्याचे कलम ८८ वाचून दाखवले, म्हणजे संस्थेचे नुकसान झाल्यास संचालकांवर वैयक्तिक जबाबदारी कशी बसते ते. त्या सभेनंतर दोन संचालक बरेच दिवस आजारी पडले.

लोक म्हणाले, बाईंना गावाचे काही नाही. मलाही आधी तसेच वाटले. ते चूक होते. मॅडमना गावातली माणसे ओळखीची नव्हती, आणि ओळख नसताना नानांसारखे वागणे त्यांना बेजबाबदारपणा वाटत होता. नानांनी केले तेव्हा ती जोखीम मोजलेली होती. तेच मॅडमनी केले असते तर नुसता जुगार झाला असता. एकच ठराव, दोन अध्यक्षांच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी.

मॅडमनी ओळखीची जागा भरून काढायला जे शोधले ते संस्थेत आधीपासून पडून होते : पिग्मीची कार्डे. दैनंदिन ठेव गोळा करणारा एक प्रतिनिधी रोज संध्याकाळी कोळीवाड्यातून फिरायचा. कोण बाई रोज वीस रुपये टाकते, कोण पन्नास, बंदीच्या दोन महिन्यांत कोणाचे कार्ड कोरे राहते, कोण तेव्हाही सुक्या बोंबलांवर आणि जवळ्यावर भरत राहते, हे सगळे तारीखवार लिहिलेले. मॅडमनी दोन वर्षांची कार्डे घरी नेली आणि वाचली. मग हंगामाआधी मासळी विकत घ्यायला आणि सुकवायला दहा-पंधरा हजारांची कर्जे सुरू केली, फक्त ज्यांचे कार्ड सलग आहे त्यांना. हप्ता पिग्मीतूनच. गटाची जबाबदारी नाही, दुसरीचा हप्ता भरायचा नाही.

पहिल्या कर्जदार बाईने प्रतिनिधीला विचारले होते, "दादा, सातबारा नाय माझ्याकडे, मग कशावर देतात?" त्याने तिचेच कार्ड तिच्या हातात दिले.

ही कर्जे लहान आहेत. वाडी उभी करणारी नाहीत, सात वर्षे थांबणारी तर मुळीच नाहीत. मॅडमच्या पद्धतीत जोखीम घेतली जाते ती जिथे रोजचा पैसा दिसतो तिथेच. पोफळीचा पैसा कुठल्याच कार्डावर दिसत नाही. म्हणून कोळीवाडा आत आला आणि वाडी बाहेर गेली. माझ्या मते दोन्ही अध्यक्षांची बांधिलकी सारखीच खरी होती, फक्त दोघांना दोन वेगळी माणसे दिसली.

आणि प्रतिस्पर्ध्यांनाही पिग्मीची किंमत कळली. काचेच्या दाराच्या शाखेने त्याच प्रतिनिधीला जास्त कमिशन देऊ केले. तो गेला असता तर कार्डांसकट गेला असता. नियमाने कार्डे संस्थेची, पण घराघरातली ओळख त्याची. मॅडमनी त्याचे कमिशन वाढवले आणि त्याला महिन्यातून एकदा कर्ज समितीच्या सभेत बसवायला सुरुवात केली. पगारदार कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली, की एजंट कमिटीत कसा.

मी शेवटचा गेलो तेव्हा मॅडमनी वाडीकर्ज पुन्हा थोडे उघडायचे ठरवले होते. टप्प्याटप्प्याने : आधी वाडी साफ करायला, केळी उभी राहिलेली डोळ्यांनी पाहिल्यावर रोपांना. त्यासाठी त्यांनी नानांना कर्ज समितीच्या सभेला बोलावले. नाना आले, दारात चपला काढून नेहमीच्या खुर्चीकडे वळले आणि मग बाजूच्या बाकावर बसले. अकरा अर्ज होते. नाना नाव ऐकून विहिरीचे सांगत होते. पिग्मीवाला कार्डे उघडून तारखा सांगत होता. आठ-नऊ नावांवर दोघांचे जमले. मोहल्ल्यातल्या एका नावाशी नाना थांबले. म्हणाले, "हा माणूस मला माहीत नाही." पिग्मीवाल्याला माहीत होता, दोन वर्षे एक दिवस चुकवलेला नव्हता. मंजूर झाला.

मग त्या पिणाऱ्याचा अर्ज आला, बारमाही विहिरीवाल्याचा. नाना म्हणाले, द्या. पिग्मीवाल्याने कार्ड पुढे केले : पाच महिने कोरे, आणि त्याच्या बायकोच्या नावावर दोन कंपन्यांची गटकर्जे चालू असल्याचे त्याला कोळीवाड्यात कळले होते. नानांनी कार्ड हातात घेतले, चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. "पण विहिरीला पाणी आहे," ते हळूच म्हणाले. मॅडम काही बोलल्या नाहीत. अर्ज पुढच्या सभेवर ठेवला आणि व्यवस्थापकाला त्या बायकोला भेटून यायला सांगितले.